फायब्रोमायल्जिया आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: रिपोर्टमधला आकडा किती मनावर घ्यायचा?

अबोली_नाशिक
नमस्कार मंडळी. या विभागात माझा पहिलाच धागा, काही चुकलं-माकलं तर पोटात घाला.

मला बऱ्याच काळापासून अंगदुखी आहे. एक जागा सांगता येत नाही. मान, खांदे, कंबर, मांड्या, कधी तळपायसुद्धा. सकाळी उठते तीच दमलेली. बोलता बोलता शब्द आठवत नाहीत. संधिवाताच्या डॉक्टरांनी आरए फॅक्टर, ईएसआर, सीआरपी (संधिवात आणि सूज शोधणाऱ्या रक्ताच्या चाचण्या), थायरॉईड सगळं बघितलं. सगळं नॉर्मल. मग त्यांनी फायब्रोमायल्जिया असं निदान केलं, रात्रीची एक छोटी गोळी दिली आणि रोज चालायला सांगितलं.

इथवर ठीक होतं. पण मैत्रिणीच्या आग्रहावरून एका 'वेलनेस' क्लिनिकमध्ये गेले. तिथे रक्त घेऊन 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' केला. रिपोर्टमध्ये एमडीए वाढलेलं, एसओडी कमी, ग्लुटाथायॉन सीमारेषेवर, आणि प्रत्येकापुढे लाल बाण. तिथल्या बाईंनी सांगितलं, "तुमच्या दुखण्याचं मूळ हेच. तीन महिने या कॅप्सूल घ्या, मग परत टेस्ट करू." कोएन्झाइम क्यू१०, अल्फा लायपोइक ॲसिड, शिवाय सी आणि ई जीवनसत्त्वं. बिल बघून यजमानांचा स्ट्रेस वाढला तो वेगळाच.

यात खरंच काही तथ्य आहे का? कुणी घेतलंय का हे सगळं? जाणकारांनी सांगावं.

काळा_चहा
वाचतेय. नणंदेला हेच आहे. वाचनखूण साठवली.

घाटमाथा
यजमानांचा पण प्रोफाइल करून घ्या, कपल पॅकेजमध्ये सूट देत असतील. (हलके घ्या.)

प्लेट_नंबर_नऊ
पॅथॉलॉजी लॅबमध्ये हयात गेली आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया असतात. अन्नातून ऊर्जा तिथे तयार होते, आणि ते करताना थोडे इलेक्ट्रॉन वाट चुकून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड होतो. एसओडी नावाचं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि पुढे कॅटॅलेज व ग्लुटाथायॉनची साखळी त्याचं पाणी करून टाकते. चूल पेटली की थोडा धूर होणारच, आणि धुराड्याची सोय शरीरानेच केलेली आहे. धूर जास्त झाला किंवा धुराडं तुंबलं की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. एमडीए, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, हे पेशीच्या पडद्यातली चरबी असा मार खाऊन तुटली की उरणारं अवशेष-द्रव्य.

फायब्रोमायल्जियात हे दिसतं का? हो, दिसतं. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी ८५ स्त्री-रुग्ण आणि ८० निरोगी स्त्रिया घेऊन केलेला अभ्यास २००५ साली छापून आला. रुग्णांमध्ये एमडीए जास्त आणि एसओडी कमी. पुढे तुर्कस्तान आणि स्पेनमधून अशा जातीचे बरेच निबंध आले. म्हणजे क्लिनिकच्या बाई हवेत बोलत नव्हत्या.

आता माझ्या बाकावरची गोष्ट. एमडीए बहुतेक ठिकाणी मोजतात ते थायोबार्बिट्युरिक ॲसिड टाकून. नमुना तापवला की गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. अडचण अशी की हा रंग फक्त एमडीएमुळेच येतो असं नाही. इतर अल्डिहाइड, काही शर्करा, अशी बरीच मंडळी तोच रंग देतात. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, नमुना वेळेत थंड ठेवला नाही, तरी आकडा हलतो. शिवाय साखर किंवा थायरॉईडच्या टीएसएचसारखी सर्वमान्य 'नॉर्मल' मर्यादा याला नाही. प्रत्येक लॅबची आपली आपली. तेव्हा त्या लाल बाणावर मी झोप उडवून घेतली नसती.

अबोली_नाशिक
बापरे, गुलाबी रंग! आणि मी त्या बाणाचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

वऱ्हाडी_ठेचा
माह्या आईले पण हेच होतं. डॉक्टर म्हने, "काही नाही झालं तुम्हाले." अन् ते काही नाही झालेलं वर्षानुवर्ष दुखून राह्यलं. निदान कागदावर बाण तरी दिसते म्हनून बाई खुश होत असन तर तिले हसू नका भाऊ.

काळा_चहा
ठेचा, शंभर वेळा सहमत. नणंदेचा एक्सरे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. मग घरातले म्हणणार, कामाचा कंटाळा. एकदा कुठल्याशा चाचणीत काहीतरी खाली-वर दिसलं तेव्हा ती चक्क हसली होती.

घाटमाथा
मागे घेतो विनोद. खरंच.

स्टेथो_आणि_मी
फिजिशियन आहे, संधिवाततज्ज्ञ नाही.

पूर्वी, म्हणजे १९९० च्या अमेरिकन निकषांत, शरीरावरच्या १८ ठरलेल्या जागा दाबून बघायचे आणि ११ ठिकाणी दुखलं तर निदान. २०१० पासून दुखऱ्या भागांची मोजणी आणि थकवा, न भागणारी झोप, स्मरण-एकाग्रता यांचे गुण असा हिशेब असतो, आणि त्रास निदान तीन महिने असावा लागतो. रक्ताची कुठलीही चाचणी निदानात नाही. रक्त तपासतो ते थायरॉईड, ड जीवनसत्त्व, स्नायूंचे विकार, खरा सूज असलेला संधिवात हे निसटू नयेत म्हणून. अबोलीताई, तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते शिस्तीत केलं आहे.

आता 'दुखतं कशामुळे' याबद्दल. सर्वात भक्कम पुरावा मज्जासंस्था वेदनेचा 'आवाज' वाढवते, याचा आहे. २००२ साली अमेरिकेत रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर सारखाच दाब देऊन मेंदूचं एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणारा स्कॅन) केलं. त्याच दाबाला रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं कितीतरी जास्त पेटली. नाटक नव्हे, कंटाळा नव्हे. हे घरच्यांना दाखवा, एमडीएपेक्षा उपयोगी पडेल. त्यानंतर २०१३ च्या सुमारास जर्मनी आणि अमेरिकेतून असं आलं की बऱ्याच रुग्णांच्या त्वचेतले बारीक मज्जातंतू कमी झालेले असतात. २०२१ मध्ये तर रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या आणि उंदीर दुखरे झाले. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस या गर्दीत एक उमेदवार आहे. मूळ आहे असं आज कुणी छातीठोक म्हणत असेल तर तो विकायला बसलाय.

क्यूदशक
डॉक्टरसाहेब, जरा सबुरीने. मी स्वतः रुग्ण आहे आणि क्यू१० घेते. विकायला बसलेली नाही.

स्पेनमध्ये सेव्हिलच्या मारिओ कॉर्देरो यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये क्यू१० सुमारे ४० टक्क्यांनी कमी असतं. क्यू१० म्हणजे प्लेटभाऊंनी सांगितलेल्या त्याच मायटोकॉन्ड्रियातला इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू. तो कमी असेल तर ऊर्जा कमी आणि धूर जास्त, दोन्ही एकदम. थकवा आणि दुखणं एकत्र का, याचं इतकं सरळ उत्तर मज्जासंस्थेवाल्यांकडे नाही. नंतर २०१३ मध्ये त्यांनी डबल ब्लाइंड (खरी गोळी कुणाला ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही अशी) चाचणी केली, रोज ३०० मिलिग्रॅम, ४० दिवस. दुखणं, थकवा, सकाळचा थकवा, सगळं कमी झालं.

मला स्वतःला दुपारची झोपाळलेली अवस्था कमी झाली. दुखणं तसंच आहे, ते प्रामाणिकपणे सांगते.

प्लेट_नंबर_नऊ
ती चाचणी मीही वाचली आहे. चांगली आखलेली आहे. पण एकूण रुग्ण २०. अर्धे औषधावर, अर्धे नकली गोळीवर. एवढ्यावर पूल बांधता येत नाही.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच. नीट झोप न होणं, हालचाल बंद होणं, वजन वाढणं, नैराश्य, धूम्रपान, मधुमेह, या प्रत्येकात हेच मार्कर वाढतात. फायब्रोच्या रुग्णाला झोप नाही आणि दुखतं म्हणून हालचाल नाही. मग रक्तातला धूर आजाराने झाला, का आजाराने लादलेल्या जगण्याने झाला? एकाच दिवशी एकदाच रक्त काढून हे कळणं शक्य नाही. यातले बहुतेक अभ्यास तसेच, एकदाच रक्त काढलेले.

क्यूदशक
मान्य. पण कारण असो वा परिणाम, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढल्यावर तो मज्जातंतूंना आणखी चेतवतो हे प्राण्यांमध्ये दिसलंय ना? परिणाम असला तरी त्याने दुष्टचक्र फिरत राहू शकतं. मधेच कुठेतरी तोडलं तर बिघडलं कुठे?

प्लेट_नंबर_नऊ
तोडता आलं तर काहीच बिघडत नाही. तोंडाने घेतलेल्या कॅप्सूलने तुटतं का, एवढाच प्रश्न आहे.

पंचामृत
या परदेशी कॅप्सूल कशाला? आपला आवळा, हळद, अश्वगंधा. आजीच्या काळात कुणाला फायब्रो होता?

काळा_चहा
आजीला होता. आजीला विचारलं कुणी?

वऱ्हाडी_ठेचा
काळा चहा __/\__

स्टेथो_आणि_मी
आवळा खा, हळद खा, जेवणात कुणाची ना नाही. अश्वगंधाच्या अर्काच्या गोळ्यांबाबत मात्र हात राखून. यकृताला इजा झाल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेली आहेत, आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर आकडे बिघडू शकतात. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, असं नसतं.

भिगवणचा_पाहुणा
थोडं विषयांतर, पण आजीच्या काळाचा विषय निघालाच आहे तर. आमचं गाव भिगवण. लोकांना ते फ्लेमिंगो आणि मच्छीच्या थाळीसाठी माहीत. पण संधिवाताच्या जगात त्याचं नाव वेगळ्या कारणाने आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६ साली इथे घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या, लोकांमधले संधिवाताचे आजार आटोक्यात आणण्याच्या योजनेतली भारतातल्या खेड्यात झालेली ही पहिली पाहणी. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना, सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. आणि त्यातल्या पुष्कळांचं दुखणं कुठल्याही ठरीव संधिवातात बसणारं नव्हतं, स्नायू-कंडऱ्यांचं होतं. ऊसतोड करणारी, डोक्यावर हंडे वाहणारी माणसं ही. 'शहरी बायकांचं थेर' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

त्या सगळ्यांना फायब्रो होता असं मी म्हणत नाही, कृपया वाद काढू नये.

घाटमाथा
वाद नाही, पण थाळी कुठली चांगली ते सांगून टाका.

भिगवणचा_पाहुणा
व्यक्तिगत निरोप करतो. इथे सांगितलं तर धाग्याचं काश्मीर होईल.

लेस्टरची_लेक
इंग्लंडमधून. इथे नाईस या सरकारी संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. अशा दीर्घकालीन वेदनेसाठी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), गॅबापेंटिन-प्रीगाबलिन (मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं) हे काहीच नव्याने सुरू करू नका म्हणतात. व्यायाम, वर्तनोपचार, अॅक्युपंक्चर, आणि वाटल्यास नैराश्यावरच्या औषधांपैकी एखादं. मजा म्हणजे अमेरिकेत २००७ पासून प्रीगाबलिनला नेमकी याच आजारासाठी मान्यता आहे, पाठोपाठ ड्युलोक्सेटिन आणि मिल्नासिप्रानला. समुद्राच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरंच.

माझ्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, मला सरळ व्यायाम-वर्गाला पाठवलं. पहिले काही आठवडे रडून काढले. आता रविवारी मराठी मंडळाच्या लेझीमला उभी राहते, पण पूर्ण वेळ नाही.

रात्रपाळी
पुरुष आहे, मलाही आहे. लिहून ठेवतो, कारण इथे सगळे 'बायकांचा आजार' म्हणतात.

कंपनीत शिफ्ट. झोपेचं तीन तेरा. टोरोंटोच्या ह्यू मोल्डोफ्स्कींनी १९७५ साली धडधाकट लोकांना गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली, झोपूच दिलं नाही असं नव्हे, फक्त गाढ टप्पा मोडला. काही रात्रींत त्यांचं अंग दुखायला लागलं, फायब्रोच्या रुग्णांसारखं. मला कुणी क्यू१० बद्दल सांगितलं की मी म्हणतो, आधी माझी पाळी बदलून द्या. झोप सलग झालेल्या आठवड्यात मी वेगळा माणूस असतो. रक्तातलं एमडीए कुणी मोजलेलं नाही, पण मोजलं असतं तर तेव्हा कमीच आलं असतं, पैजेवर सांगतो.

प्लेट_नंबर_नऊ
रात्रपाळी, पैज लावणार नाही, हरेन.

धावपटू_काका
मला फायब्रो नाही, सातारा हिल मॅरेथॉनवाला आहे. आम्ही सगळेच पळून आल्यावर सी-ई च्या गोळ्या घेतो, स्नायूंमधले फ्री रॅडिकल मारायला. मग इथल्या ताईंनी व्यायामाबरोबर घेतल्या तर दुप्पट फायदा नाही का?

प्लेट_नंबर_नऊ
काका, उलट होण्याची शक्यता आहे. २००९ साली जर्मनीत ४० तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारतं, तसं गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये सुधारलं. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये नाही. शरीराची स्वतःची एसओडी-ग्लुटाथायॉनची फौज वाढते तीही त्यांच्यात वाढली नाही.

व्यायामात थोडा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो, आणि तोच शरीराला सांगतो की धुराडं मोठं करा. निरोप पोचायच्या आत गोळीने पुसून टाकला तर शरीर कशाला हलेल?

धावपटू_काका
म्हणजे इतकी वर्षं मी पैसे देऊन...

घाटमाथा
काका, पळत राहा. मागे वळून बघू नका.

क्यूदशक
ते तरुण निरोगी होते, प्लेटभाऊ. ज्यांचं धुराडं आधीच तुंबलंय त्यांना तोच नियम लागेल असं तुम्हाला तरी म्हणता येईल का?

प्लेट_नंबर_नऊ
नाही म्हणता येणार. हा मुद्दा तुमचा.

स्टेथो_आणि_मी
एक भर. अँटिऑक्सिडंट (फ्री रॅडिकल मारणारी सी-ई सारखी गोळी) फार तर फुकट जाईल, नुकसान तर नाही, असं समजू नये. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी अर्ध्यांना बीटा-कॅरोटीन देऊन पाहिलं, १९९४ साली निकाल आला. फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. पुढे मोठ्या अमेरिकन चाचणीत नुसत्या व्हिटॅमिन ई ने प्रोस्टेट कॅन्सर वाढल्याचं दिसलं. क्यू१० च्या बाबतीत असं काही नाही, ते सहसा सोसतं, पण वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेणाऱ्या कुणाला नव्याने अंगदुखी लागली असेल तर फायब्रोचा शिक्का मारण्याआधी ती गोळी तपासावी. स्टॅटिन ज्या वाटेवर आडवी येते त्याच वाटेवर पुढे शरीर क्यू१० बनवतं.

काळा_चहा
नणंद स्टॅटिन घेते!! आत्ता फोन करते.

स्टेथो_आणि_मी
फोन करा, पण गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नका. डॉक्टरांना विचारू दे.

प्रशासक
एक प्रतिसाद उडवला आहे. रुग्णांच्या सासरची चर्चा दुसऱ्या धाग्यावर करावी. औषधांच्या डोसबद्दल इथे सल्ला देऊ-घेऊ नये.

अबोली_नाशिक
सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. आभार तर आहेतच, पण एक शंका. डॉक्टर म्हणतात चाला. प्लेटभाऊ म्हणतात व्यायामात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो. माझ्या रिपोर्टमध्ये तो आधीच वाढलेला. मग मी चालून तो आणखी वाढवत नाही का? आणि खरं सांगायचं तर ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी मी कपाटं आवरते, पुरण वाटते, सगळं उरकते, आणि पुढचे तीन दिवस आडवी.

लेस्टरची_लेक
अगं अबोली, तिथेच तर मेख आहे! आमच्या वर्गात पहिला नियम हाच. बऱ्या दिवशी जास्त करायचं नाही, वाईट दिवशी शून्य करायचं नाही. मी सुरुवात घरापासून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत केली होती.

स्टेथो_आणि_मी
शंका अगदी रास्त आहे. एका वेळच्या व्यायामाने क्षणभर वाढतो, नियमित हलक्या व्यायामाने बचाव वाढतो. म्हणून मात्रा महत्त्वाची. पुरण वाटणं ही मात्रा नव्हे. युरोपच्या संधिवात संघटनेने २०१६ मध्ये या आजारावरचे सगळे उपाय तपासले, आणि 'नक्की करा' अशी जोरदार शिफारस फक्त एकाला दिली: व्यायाम. २०१० मध्ये अमेरिकेत ६६ रुग्णांवर ताई-ची करून पाहिलं, तेही संथ असूनही लागू पडलं. तुम्हाला योगासनं सोयीची असतील तर ती करा. पोहता येत असेल तर कोमट पाण्याचा तलाव उत्तम.

क्यूदशक
याबद्दल माझं आणि डॉक्टरांचं एकमत. मीही कॅप्सूल घेऊन चालतेच. कॅप्सूलमुळे बरं वाटतं का चालण्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि दोन्ही सोडून बघायची हिंमत नाही.

रात्रपाळी
+१ शेवटच्या वाक्याला.

प्लेट_नंबर_नऊ
मूळ प्रश्नाकडे. अबोलीताई, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा या आजाराशी संबंध आहे, हे मी मानतो. तो किती आणि कुठल्या बाजूने, हे ठरलेलं नाही. तुमच्या एका रिपोर्टवरून तर मुळीच ठरत नाही. तीन महिन्यांनी परत टेस्ट केलीत आणि आकडा खाली आला तर ते म्हणतील कॅप्सूल लागू पडल्या, वर गेला तर म्हणतील डोस वाढवा. दोन्हीकडून पावती त्यांचीच. माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतोय, पण ती दुसरी टेस्ट करू नका.

अबोली_नाशिक
टेस्ट रद्द. संधिवाताच्या डॉक्टरांची पुढची वेळ घेतलीय, क्यू१० ची बाटली दाखवून विचारेन. सी-ई मात्र बाजूला ठेवल्या. यजमान विचारतायत, उघडलेल्या बाटल्या परत घेतात का?

घाटमाथा
नाही घेत. काकांना द्या, त्यांना सवय आहे.

धावपटू_काका
मी सोडल्या काल रात्रीपासून!